पंधरावी फेरी

एकतीस वर्षांच्या नोकरीत आपल्या हातून एकही खराब पीस बाहेर गेला नाही, असं आमचे थोरले साडू सांगतात, आणि ते अक्षरशः खरं आहे. निवृत्तीनंतर मात्र एक गेला. तो मी. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, मेहुणीला नाही, आणि ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवी होती त्या साडूंना तर नाहीच. पण ती सांगायची तर आधी साडू सांगावे लागतात, आणि ते काही थोडक्यात आटपणारं काम नव्हे.

भोसरीच्या एका कारखान्यात ते फायनल इन्स्पेक्शनला होते. म्हणजे इतरांनी बनवायचं आणि यांनी नापास करायचं. त्यांच्या खिशात कायम एक दोन तोंडांचं माप असे. एका तोंडातून वस्तू आरपार गेली पाहिजे, दुसऱ्यातून जाता कामा नये. दोन्ही जमलं तर माल पास. कारखान्यापुरतं हे ठीकच होतं, पण रहाटणीच्या त्यांच्या घरात लिंबं, बटाटे, रुद्राक्ष आणि दिवाळीचे बेसनलाडू यांचीही या तपासणीतून सुटका नव्हती. लाडवांसाठी तर त्यांनी पुठ्ठ्याचं वेगळं माप कापून ठेवलं होतं. नापास लाडू ते शेजारच्या ताटलीत काढत आणि उभ्या उभ्या खाऊन टाकत. ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, एकदा म्हणाली, "अहो, माझ्या लाडवांत एवढे दोष, मग डबा रिकामा कसा झाला?" साडू शांतपणे म्हणाले, "स्क्रॅप साठवून ठेवायचं नसतं."

त्यांचं दुसरं शस्त्र म्हणजे पिवळ्या रंगाचं पेन. तपासलेल्या नटबोल्टवर एक पिवळा ठिपका ठेवायचा, की तो पीस ओके. त्यांच्या घरात गॅसच्या शेगडीवर, पंख्यावर, कुकरच्या कानावर, देव्हाऱ्याच्या कडीवर, सगळीकडे पिवळे ठिपके होते. नुसती नजर फिरवली तरी घरभर हळदीकुंकू झाल्यासारखं वाटे. पुतणीच्या लग्नात त्यांनी मांडवातल्या साऱ्या खुर्च्यांवर एकेकदा बसून पाहिलं. दोन खुर्च्या नापास झाल्या. त्यांच्या पाठीवर त्यांनी लाल खडूनं फुली मारली आणि त्या कडेला ठेवल्या. ऐन अक्षतांच्या वेळी नवऱ्या मुलाचे मामा गर्दीत त्यांतलीच एक ओढून बसले आणि तिच्यासकट खाली गेले. सगळे धावले. साडूही धावले, पण मामांकडे नाही, खुर्चीकडे. ती उलटी करून त्यांनी जमलेल्या मंडळींना फुली दाखवली. "खूण केली होती," ते म्हणाले. मामा अजून जमिनीवरच होते.

असा माणूस निवृत्त होतो तेव्हा काय होतं, हे मी जवळून पाहिलं. पहिल्या आठवड्यात त्यांनी सोसायटीची लिफ्ट तपासली, दुसऱ्या आठवड्यात वॉचमनची शिट्टी. तिसऱ्या आठवड्यात ते खिडकीत बसून राहिले. नेमका तेव्हा माझ्या कंपनीच्या तपासणीत माझी साखर वाढलेली निघाली. मी चाकणला पर्चेस खात्यात आहे; सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसायचं, दिवसभर खुर्चीत बसायचं, संध्याकाळी पुन्हा बसमध्ये बसून ट्रॅफिक बघायचं, एवढीच माझी हालचाल. साडूंनी माझा रिपोर्ट दोनदा वाचला, मला उभं केलं, मागून-पुढून पाहिलं आणि त्यांचा चेहरा महिन्याभरानं उजळला. "साडूबुवा," ते म्हणाले, "रीवर्क होऊ शकतं. आजपासून तुम्ही माझा जॉब."

कारखान्यात मशीनवर चढवलेल्या वस्तूला जॉब म्हणतात. मी चढलो.

प्राधिकरणातल्या एका सायकल ग्रुपनं छोटी ट्रायथलॉन ठेवली होती: साडेसातशे मीटर पोहणं, लगेच वीस किलोमीटर सायकल, लगेच पाच किलोमीटर धावणं, आणि हे सगळं दोन तासांच्या आत. साडूंनी परस्पर माझं नाव दिलं. त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं. मी तो विषय काढून पाहिला, तर म्हणाले, "मला इंजिनही बनवता येत नव्हतं, पण कुठं चुकलंय ते कळायचं." मग आठ महिने त्यांनी मला चूक दाखवली. गच्चीत स्टुलावर पालथं झोपवून हात मारायला लावले. समोरच्या इमारतीतल्या बायका वाळवण सोडून बघत बसत. पहाटे स्पाइन रोडवर मी सायकल हाणायचो आणि ते चहाच्या टपरीपाशी घड्याळ घेऊन उभे राहायचे. माझ्या सायकलच्या प्रत्येक नटावर पिवळा ठिपका होता. मी कधी "आज जवळजवळ दहा फेऱ्या मारल्या," असं म्हटलं, की ते लगेच थांबवत. "जवळजवळ म्हणजे नऊ. अर्धा बोल्ट हा बोल्ट नसतो, साडूबुवा."

त्या आठ महिन्यांत माझी साखर उतरली, पँटी सैल झाल्या, आणि खरं सांगायचं तर पन्नाशीच्या उंबऱ्यावर मला एक मित्र मिळाला. त्यापूर्वी आम्ही सणासुदीला एकमेकांना "बाकी काय?" विचारणारे साडू होतो.

स्पर्धेच्या दोन महिने आधी ते मला एकट्याला म्हणाले, "जरा स्कूटरवर डोळ्यांच्या डॉक्टरकडे सोडता का? घरी बोलू नका." मोतीबिंदू निघाला. डाव्या डोळ्याचं काम संपल्यातच जमा होतं, उजवाही धुकट. डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन करा. बाहेर येऊन ते स्कूटरपाशी उभे राहिले. "तुमच्या ताईला कळता कामा नये. कंपनीतल्या लोकांना तर नाहीच. निवृत्त होऊन वर्ष नाही झालं. म्हणतील, हा शेवटची दोन वर्षं माल काय चाचपून पास करत होता?" मी म्हटलं, "पण भाऊ, ऑपरेशन?" तर म्हणाले, "आधी तुमचा जॉब डिस्पॅच करू. मग डोळे." पोहण्याच्या तलावावर माझ्या फेऱ्या मोजायला बसल्यावर काय दिसतं, असं मी विचारलं. ते हसले. "अलीकडची भिंत दिसते. पलीकडं नुसतं निळं कालवण. पण त्यानं काय अडतंय? तुमचा हात अलीकडं लागला की मी रेघ मारणार."

म्हणजे पलीकडचं त्यांना दिसत नाही, हे जगात एका माणसाला माहीत होतं. मला.

स्पर्धेच्या सकाळी तलावाकाठी प्रत्येकानं आपापला मोजणारा आणला होता. शिवाय पोहायच्या दोन-दोन पट्ट्यांमागे ग्रुपची एक मुलगी पाटी घेऊन बसली होती. तलाव पंचवीस मीटरचा. जाऊन-येऊन एक फेरी, अशा पंधरा. साडूंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, खिशाला कंपनीचं जुनं पेन. मांडीवर पुठ्ठा. मी दहा फेऱ्या नीट मारल्या. प्रत्येक वेळी हात भिंतीला लागला की वरून त्यांचा आवाज यायचा, "सात! ओके!" "आठ! ओके!" अकराव्या फेरीला निघालो आणि पाच-सात हात मारल्यावर पोटरीत असा गोळा आला की जीव घाबरला. मी वळलो. फसवायचं म्हणून नाही, बुडू नये म्हणून. कसाबसा परत येऊन भिंत धरली. थांबून सांगणारच होतो. तेवढ्यात वरून आवाज आला, "अकरा! ओके! शाब्बास साडूबुवा, ही सगळ्यांत फास्ट!"

फास्ट असणारच. ती फेरी नव्हतीच.

तोंडात पाणी होतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. पाणी थुंकायला किती वेळ लागतो? मी पोटरी चोळली आणि "बारा" मारायला निघालो.

त्यांनी "पंधरा!" म्हणून हात वर केला तेव्हा ती पाटीवाली मुलगी उठून आली. "काका, माझ्याकडे चौदाच आहेत." साडूंनी पुठ्ठा पुढे केला. पाच-पाचाच्या तीन जुड्या, सरळ, सुबक. "बाळ, तू दोघांना मोजतेस. मी एकालाच मोजतोय. एकतीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला होतो. माझ्या हातून एक खराब पीस गेला नाही." ती गोंधळली. मग तिनं मलाच विचारलं, "काका, तुम्ही मोजल्या होत्या का? तुमच्या हिशोबानं किती?" मी बुटात पाय घालत होतो. साडू माझ्याकडे बघत होते, म्हणजे ज्या दिशेला मी होतो त्या दिशेला. मी म्हटलं, "मी कसला मोजतोय, मी श्वास मोजत होतो!" सगळे हसले. तीही हसली. "सॉरी काका, माझंच चुकलं असेल," असं साडूंना म्हणाली आणि तिनं पाटीवरच्या चौदाचे पंधरा केले. साडूंनी खाली सही केली.

सायकलवर चढाला दम लागलेला पाहून शेजारून जाणारा दुधाचा टेम्पोवाला ओरडला, "काका, मागं धरा की, वर सोडतो!" मी नको म्हटलं. त्या सकाळी एक चोरी पुरे होती. धावताना साडू वळणावर उभे राहून प्रत्येक निळ्या बनियनवाल्याला, "साडूबुवा, खांदे सैल! खांदे सैल!" असं ओरडत होते. निळे बनियन बरेच होते. एका दांडग्या अनोळखी माणसानं थांबून त्यांना "थँक यू साडू" म्हटल्याचं मी मागून पाहिलं. मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही.

दोन तासांना दीड मिनिट बाकी असताना मी पोहोचलो. दमलेल्या मला तेव्हा एका फेरीला दोन मिनिटं सहज लागत. गणित अवघड नाही. गळ्यात पदक पडलं. साडूंनी ते तळहातावर घेतलं, डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं, खिशातून पिवळं पेन काढलं आणि त्यावर ठिपका ठेवला. "ओके," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "आता मी रिटायर झालो."

पुढच्या आठवड्यात त्यांनी ऑपरेशन करून घेतलं आणि वर्षभर रहाटणीतल्या प्रत्येक माणसाला माझी गोष्ट सांगितली. पुतणीच्या सासरच्या मामांनासुद्धा. आता ते तळेगावला मुलीकडे राहतात. महिन्यातून एका रविवारी मी चिंचवडहून लोकलनं जातो. दर वेळी मनात एक वाक्य घेऊन जातो आणि तेच वाक्य घेऊन परत येतो. ते मला गेटपर्यंत सोडायला येतात, वाटेत झाडांच्या कुंड्यांमधलं अंतर पावलांनी मोजतात, आणि दर वेळी म्हणतात, "साडूबुवा, एकदा परत पोहून दाखवा की. आता पलीकडची भिंत दिसते मला. त्या दिवशी तुम्हाला नीट बघायचं राहून गेलं." मी म्हणतो, थंडी आहे, मी म्हणतो, तलाव बंद आहे, मी म्हणतो, खांदा दुखतोय.

मागच्या खेपेला त्यांनी पदक आणायला सांगितलं होतं. चष्मा काढून, नव्या डोळ्यांनी, त्यांनी ते बराच वेळ फिरवून पाहिलं. "ठिपका जरा बाजूला पडलाय," ते म्हणाले. "काय करू, रिजेक्ट करू?" आणि स्वतःच मोठ्यानं हसले. मी पण हसलो. त्यांना काही कळलं आहे का, ते मला माहीत नाही. पदक त्यांनी माझ्या हातात परत दिलं आणि माझी मूठ वरून मिटली.

माझ्याकडे एक फेरी बाकी आहे: अलीकडच्या भिंतीपासून पलीकडच्या भिंतीपर्यंत आणि परत, त्यांच्या डोळ्यांदेखत. आणि ती पाटीवाली मुलगी कुठं भेटली, तर तिला एवढंच सांगायचं आहे, की चौदाच होत्या.