ओट्याचा नियम

आमच्या संस्थेला नियम फारसे नव्हते. जो एक होता तो मी केला होता, आणि तो मोडायची कोणाची टाप नव्हती. घर एका खोलीचं असो की दोन, स्वयंपाकाला ओटा हवा. ओटा नाही तर घर नाही.

संस्था हा शब्द जरा मोठाच झाला. जयपूरच्या वैशाली नगरात आमच्या गल्लीतली आम्ही सहा माणसं, सगळी निवृत्त, सगळ्यांची मुलं बाहेरगावी आणि सगळ्यांना आपलाच शब्द शेवटचा असण्याची सवय. मी विमा कंपनीतून निवृत्त झाले, आमचे हे बँकेतून. बदलीने इथे आलो ते इथलेच होऊन गेलो. समोरचे इंजिनिअरसाहेब पाटबंधारे खात्यातले, जन्माने जयपूरचे. उरलेल्या तिघांना चहाच्या वेळी भरपूर सवड असे आणि कामाच्या वेळी हटकून डॉक्टरकडे जायचं असे. दर रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर बैठक भरे. मी पोहे करायची, कोणीतरी त्यावर मुठीने शेव घालायचं, आणि त्यावरून मी दर रविवारी बोलायची.

घरं आम्ही बांधत होतो नेपाळात. आमच्या गल्लीचा चौकीदार तिथल्या पश्चिमेकडच्या डोंगरातला. त्याच्या गावात भूकंप झाला तेव्हा तो सुट्टी घेऊन गेला आणि महिन्याभराने परत येऊन नेहमीसारखा फाटकाशी उभा राहिला. घर कसं आहे म्हणून विचारलं तर म्हणाला, "ठीक है, आंटीजी." मी त्याचा मोबाइल मागून फोटो पाहिले. ठीक काहीच नव्हतं. दगडांचे ढीग होते, आणि प्रत्येक ढिगापुढे एकेक कुटुंब उभं होतं. त्या रविवारी पोहे तसेच राहिले. इंजिनिअरसाहेबांनी माझ्याकडून वहीचं पान मागून घेतलं आणि त्यावर घर काढायला सुरुवात केली.

पहिल्या नकाशात त्यांनी वारा यावा म्हणून जाळीची खिडकी काढली होती, आणि उन्हाळ्यात वर झोपता यावं म्हणून सपाट गच्ची. जयपूरच्या माणसाला घर म्हटलं की उन्हापासून सुटका एवढंच सुचतं. चौकीदाराला नकाशा दाखवला तर म्हणाला, "बहुत अच्छा है, साहब." आमच्या ह्यांनी सहज विचारलं, तुमच्याकडे बर्फ पडतो ना? "जी, गिरता है," तो तितक्याच आनंदाने म्हणाला. मग जाळी गेली, गच्ची गेली, पत्र्याचं उतरतं छप्पर आलं. हा माणूस नाही म्हणत नाही, हे तेव्हाच आमच्या लक्षात यायला हवं होतं. पण इंजिनिअरसाहेब जाळी गेल्याच्या दुःखात होते आणि मी ओट्याच्या विचारात.

ओट्यामागे माझी आई आहे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरी तिने उभा जन्म जमिनीवर बसून स्वयंपाक केला. चूल खाली, पाटा खाली, परात खाली. पन्नाशीत तिचे गुडघे गेले. उठताना ती भिंतीला हात टेकायची, आणि जिथे टेकायची तिथे भिंतीवर तेलकट डाग पडला होता. दर दिवाळीला चुना दिला तरी तो वर यायचा. पुढे आम्ही जयपूरला आलो आणि ती माझ्याकडे राहायला आली, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा ती उभी राहून भाकऱ्या करायला लागली. ओट्यासमोर खिडकी होती. पहिल्याच दिवशी हातात पीठ तसंच घेऊन म्हणाली, "अगं, हितनं रस्ता दिसतोय की." ते आठवलं की मला अजून भरून येतं. आमच्या हातून जिथे घर उभं राहील तिथल्या बाईने चुलीपुढे वाकायचं नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. ओट्याची उंची इंजिनिअरसाहेबांनी माझ्याच स्वयंपाकघरात टेप लावून घेतली.

एकेक करत चार घरं झाली. एक विधवेचं, एक जिचा नवरा आखातात गेला तो परतलाच नाही तिचं, दोन शेळ्यांवर पोट भरणाऱ्या कुटुंबांची. चौकीदार प्रत्येक वेळी म्हणायचा, "मेरा बाद में, आंटीजी." घर पुरं झालं की तिकडचा मिस्त्री फोटो पाठवायचा आणि फोटो आला की आम्ही पुढचं घर हातात घ्यायचो. चारही फोटोंत बाई ओट्याशी उभी, हातात डाव, पुढे कढई, चेहऱ्यावर हसू. मी ते फ्रेम करून बैठकीच्या खोलीत लावले. घरी आलेल्या माणसाला पाणी देण्याआधी मी ते फोटो दाखवायची, असं आमचे हे म्हणतात. ते थोडं वाढवून सांगतात, पण थोडंच.

पाचवं घर चौकीदाराच्या आईचं. हे लवकर व्हायलाच हवं होतं. आदल्या हिवाळ्यात ती पत्र्याच्या शेडमध्ये राहिली होती आणि तिच्या छातीत कफ भरला होता. दवाखाना दिवसभराच्या वाटेवर. चार माणसांनी तिला उचलून नेलं. आणखी एक हिवाळा असा काढू देऊ नका, असं डॉक्टरने बजावलं होतं. जयपूरला यायला ती तयार नव्हती, तेव्हा घर हा एकच उपाय. दिवाळीच्या आधी घर पुरं झालं. मी फ्रेम आणून ठेवली. दिवाळी होऊन गेली तरी फोटो येईना.

चौकीदार फाटकाशी माझी नजर चुकवायला लागला. एका दुपारी मी त्याला गाठलंच. "भैया, माँ गई ना नए घर में?"

तो बुटांकडे बघत म्हणाला, "नहीं गई, आंटीजी. बोलती है, उस घर में नहीं रहूँगी."

"म्हणजे? मतलब क्यों?"

"बोलती है, चूल्हा गलत जगह है."

माझा पारा चढला. चार बायका आनंदाने नांदताहेत आणि हिला ओटा चालत नाही? मी त्याला बैठकीच्या खोलीत आणलं आणि तिथल्या तिथे व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. मिस्त्रीने फोन उचलला, म्हातारीला शेडमधून बाहेर बोलावलं आणि दोघं नव्या घरात शिरली. खोकत खोकत ती सरळ ओट्याशी जाऊन उभी राहिली आणि फोनकडे वळली. ओटा तिच्या छातीपर्यंत येत होता.

मी साडेपाच फूट उंच आहे. आमच्या घराण्यात बायका उंचच. ज्या टेपने इंजिनिअरसाहेबांनी माप घेतलं त्या टेपला हे कुठून कळणार.

म्हातारी बराच वेळ बोलली. चौकीदाराने जमेल तेवढं हिंदीत सांगितलं. थंडीत आम्ही सगळे चुलीभोवती बसतो, तिथेच जेवतो, तिथेच गोष्टी करतो, तिथेच झोपतो. शेजारीण येते ती चुलीपाशीच बसते. इथे आग वर आणि माणसं खाली, मग ऊब कोणाला? या घरात माझे पाय गारठून जातील. त्यापेक्षा शेड बरी, तिथे आग माझ्यापाशी आहे.

मी हार मानणारी नव्हते. भिंतीवरून एक फ्रेम काढून फोनपुढे धरली. ही बघा तुमच्याच गावातली, कशी उभी आहे! म्हातारीने फोन जवळ घेऊन पाहिलं आणि हसत सुटली. हसता हसता तिला पुन्हा खोकला आला. ती काहीतरी बोलली.

"काय म्हणाल्या?"

"कुछ नहीं, आंटीजी."

"भैया, सांगा."

"बोलती है, ये कढ़ाई तो मेरी है."

मी उरलेल्या तिन्ही फ्रेम खाली काढल्या आणि टेबलावर मांडल्या. चारही फोटोंत कढई एकच, एका बाजूचा कान तुटलेली. डावही तोच. आणि चारही बायका कमरेपासून वरच दिसत होत्या. मी चौकीदाराकडे पाहिलं तेव्हा त्याने सगळं सांगून टाकलं. फोटोच्या दिवशी मिस्त्री त्याच्या आईची कढई घेऊन जायचा आणि बाईला लाकडाच्या ओंडक्यावर उभं करायचा. फोटो झाला की कढई परत. चौघींनी जमिनीवर चुली घातल्या होत्या. ओट्यावर कोणी मका ठेवत होतं, कोणी शेळीचा चारा. एकीकडे कोंबडी अंड्यांवर बसली होती.

"आधी का नाही सांगितलं?"

"आपको बहुत अच्छा लगता था," तो म्हणाला.

तो गेल्यावर मी चारही फ्रेम एकेक करून परत भिंतीवर अडकवल्या. राग आला होता, पण कोणावर काढायचा ते कळत नव्हतं. आमचे हे पेपर वाचत होते, म्हणजे पेपरामागून ऐकत होते. पेपर खाली न करताच म्हणाले, "अगं, तुझी आई जानेवारीत काय करायची, आठवतं का?"

मला खरंच आठवत नव्हतं. मग आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं असं वाटलं. जयपूरची थंडी सुरू झाली की आई स्वयंपाकघराच्या फरशीवर गोणपाट टाकायची, शेगडी पेटवून घ्यायची आणि तिच्यापाशी बसून मटार सोलायची, भाकरीसुद्धा तिथेच भाजायची. मी ऑफिसातून आले की तिला ओरडायची. एवढा ओटा असताना खाली कशाला बसतेस, गुडघ्यांचं काय? ती मुकाट्याने भिंतीला धरून उठायची आणि ओट्याशी उभी राहायची. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेले की पुन्हा खाली. माझी मुलगी शाळेतून आली की आजीच्या मांडीला टेकून बसायची, आणि दोघी शेगडीत शेंगा भाजायच्या. हे मला मुलीनेच पुढे कधीतरी सांगितलं होतं. आईला रस्ता दिसणं आवडायचं हे खरं. पण मी त्यातलं तेवढंच लक्षात ठेवलं, कारण त्यात मी शहाणी ठरत होते. आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आता तिला कुठे विचारायला जाऊ?

रविवारी बैठकीत मीच म्हटलं, ओटा तोडायचा.

इंजिनिअरसाहेबांनी चष्मा काढला. "और आपका नियम?"

"नियमही तोडायचा," मी म्हटलं. "आणि पोह्यांवर हवी तेवढी शेव घाला."

म्हातारीच्या छातीचा विचार करून त्यांनी चुलीवर पत्र्याचं धुराडं कागदावर काढून दिलं, धूर सरळ छपराबाहेर जाईल असं. आधी चौकीदाराला दाखवलं. तो म्हणाला, "बहुत अच्छा है, साहब," तशी आम्ही सगळ्यांनी एकदम त्याला फोन लावायला सांगितला. म्हातारीने धुराडं पाहिलं आणि दारापासून जरा आत सरकवायला लावलं. ओटा पूर्ण काढला तर भिंत हलेल असं मिस्त्रीचं मत पडलं. म्हणून तो वरून तोडत तोडत गुडघ्याएवढा ठेवला, आणि त्याच्यापुढे जमिनीवर चूल घातली.

बर्फ पडायच्या आठवडाभर आधी म्हातारी नव्या घरात गेली. फोटो आला. त्यात कढई नाही, डाव नाही. ती त्या ठेंगण्या ओट्यावर घोंगडी टाकून बसलेली, पाय चुलीकडे लांब केलेले, आणि तोंड फोटो काढणाऱ्याकडे नसून शेजारणीकडे. मी तो फ्रेममध्ये घातला. जुन्या चारही फोटोंच्या शेजारी लावला, कारण ते काढावेसे मला वाटले नाहीत.

डिसेंबरात एका दुपारी मी पोळ्या करत होते. चौकीदार स्वयंपाकघराच्या दाराशी आला, हातात फोन. "माँ आपसे बात करेगी." फोनवर म्हातारी, तिच्या ठेंगण्या ओट्यावर. खोकला नव्हता. चुलीभोवती दोन शेजारणी आणि एक शेळी होती. तिने आपल्या शेजारच्या जागेवर हात थोपटला.

"बोलती है, आप कब आओगे? दो लोगों की जगह है," चौकीदार म्हणाला.

मला एकदम काय झालं कोण जाणे. मी गॅस बंद केला, फोन हातात घेतला आणि भिंतीला धरून खाली फरशीवर बसले. गुडघे चांगलेच बोलले. फरशी बर्फासारखी होती. आता म्हातारीचा चेहरा आणि माझा चेहरा एका पातळीवर आले आहेत, असं आपलं मला वाटलं.

ती फोनमध्ये वाकून बघत राहिली. मग चौकीदाराला काहीतरी विचारलं.

"माँ पूछ रही है, आप नीचे क्यों बैठ गईं? आपके यहाँ तो आग ऊपर है."

मी म्हटलं, "माँ को बोलो, मेरी माँ यहीं बैठती थी."

त्याने सांगितलं. तिने मान डोलावली आणि चुलीत एक लाकूड सारलं. मग बराच वेळ आम्ही दोघी नुसत्याच बसून होतो, आणि चौकीदाराला काही सांगायची गरज पडली नाही.