मास्तरांच्या शर्टाचा वास

आमच्या शरीररचना विभागात पदव्या लावणारे आम्ही सहाजण होतो, पण विद्यार्थी ‘मास्तर’ म्हणायचे ते सातवी नापास शिपायाला. सुरुवातीला मला याचा राग यायचा. पुढे कळलं, नाव योग्य माणसालाच दिलं आहे. आम्ही जे सांगायचो ते पुस्तकात छापलेलंच होतं. मास्तर नसते, तर ते दाखवायला टेबलावर काही टिकलंच नसतं.

देहदानातून आलेली शरीरं टिकवणं हे त्यांचं काम. शरीर आलं की ते आधी घड्याळाकडे बघायचे. माणूस गेला की त्याची घाई संपते आणि आपली सुरू होते, असं म्हणत बाह्या वर सारायचे. मांडीच्या वरच्या भागात लहानसा छेद घ्यायचा, धमनी शोधायची, तिच्यात नळी बसवून दोऱ्याने बांधायची. टेबलाच्या वर, हात उंचावूनही पोचणार नाही इतक्या उंचीवर एक पत्र्याचा डबा टांगलेला असे. त्यात फॉर्मालिन, ग्लिसरीन, स्पिरिट, थोडं कार्बोलिक आणि पाणी. हे औषध आपल्या वजनानेच खाली उतरायचं आणि जिथून आयुष्यभर रक्त फिरलं त्याच वाटांनी अंगभर पसरायचं. चार-पाच तास लागायचे. पंप दोनदा मंजूर झाला आणि दोन्ही वेळा मास्तरांनी नाक मुरडलं. पंप ढकलतो, म्हणायचे, आणि ढकललं की बारीक शिरा फुटतात. त्यापेक्षा ते बाजूला स्टुलावर बसून हातपाय चोळत राहायचे आणि शेवटी एकेका बोटाचं टोक दाबून बघायचे. कच्च्या पेरूसारखं टणक लागलं की काम झालं.

डब्याला फॉर्मालिनच्या तीन बाटल्या, हा त्यांचा नियम. अंगावर सूज असली तर चौथी, कारण सुजेतलं पाणी औषध पातळ करतं. हे मी त्यांच्याकडून शिकले आणि माझ्या परीक्षेत स्वतःचं म्हणून सांगितलं. परीक्षकांनी कौतुक केलं, तेही मी निमूट घेतलं.

इतकी वर्षं त्या वाफेत काढून मास्तरांचं नाक मात्र कामातून गेलं होतं. घरात दूध नासलं तरी त्यांना पत्ता नसायचा. विभागात त्यांनी हे कुणाला कळू दिलं नव्हतं. मला सांगितलं ते त्यांच्या बायकोने, ज्या दिवशी ती देहदानाचा अर्ज भरायला आली त्या दिवशी. आमच्याकडच्या पांघरायच्या चादरी तीच शिवायची, त्यामुळे ओळख जुनी. मी तिला मास्तरीणबाई म्हणायचे, तिला ते आवडायचं.

माझ्यासमोरच्या खुर्चीवर ती ऐसपैस बसली आणि नवऱ्यादेखत त्यांचं बिंग फोडून मोकळी झाली. तीस वर्षं म्हणे ती दारातच त्यांची बाही हुंगते. डोळे चुरचुरले की समजायचं, औषध बरोबर पडलं. नाही चुरचुरले तर म्हणायचं, आज हात आखडता घेतलात वाटतं. मग मास्तर दुसऱ्या दिवशी लवकर येऊन सुईने भर घालायचे. म्हणजे आमच्या विभागाचं नाक इतकी वर्षं त्यांच्या स्वयंपाकघरात होतं आणि आम्हाला खबर नव्हती. मास्तर खिडकीबाहेर बघत उभे होते. कान लाल झाले होते त्यांचे.

मी तिला विचारलं, हे देहदान कशासाठी. ती हसली. लहानपणी तिला कुणी शाळेत बसवलं नव्हतं. आता मेल्यावर तरी कॉलेजात जाऊ दे, म्हणाली. मग तिने आवाज उतरवला.

“बाई, मी किती दिवस पुरेन?”

“मास्तरांचा हात लागला तर वर्षभर सहज.”

“मग बरं. तेवढं बघा, फुकट जायला नको.”

नातेवाईक म्हणून मास्तरांनी सही केली. तीन अक्षरांच्या सहीला त्यांना एवढा वेळ लागलेला मी कधी पाहिला नव्हता.

दीड वर्षाने तिची मूत्रपिंडं थकली. शेवटच्या महिन्यात अंगावर इतकी सूज आली की बोटातली अंगठी कापून काढावी लागली. एका सकाळी ती गेली आणि दुपारच्या आत मास्तर तिला घेऊन आले. मी म्हटलं, दुसऱ्या कॉलेजातून माणूस बोलावते, तुम्ही बाहेर बसा. त्यांनी मान हलवली.

“परक्याच्या हातात देऊ नका म्हणालीय ती.”

मी सोबत थांबले. त्यांनी छेद घेतला, नळी बसवली, तिचे हातपाय चोळले. एरवी काम करताना ते गप्प असायचे, त्या दिवशी तिच्याशी हळूहळू बोलत होते. घरातलंच काहीबाही, गॅस बंद केलाय, शेजारणीकडे किल्ली दिलीय. मी सारखी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. डब्याकडे बघायला हवं होतं. निघताना फडताळात दोन बाटल्या सीलबंद दिसल्या. त्या दिवसासाठी मी स्वतः चार काढून ठेवल्या होत्या. दिसल्या, आणि मी स्वतःला सांगितलं की या आधीच्या असतील.

एवढ्यावर थांबलं नाही. रीतीप्रमाणे दोन दिवसांनी शरीर टाकीत सोडायचं असतं, बाकीच्यांच्या जोडीला. टाकीत तिच्यावर कुणीतरी आणि तिच्याखाली कुणीतरी, हे मास्तरांच्या जिवावर आलं. मागच्या लहान खोलीत टेबलावरच ठेवतो, म्हणाले, रोज ओली चादर बदलेन. मी हो म्हटलं. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. त्यानंतर कॉलेजला सुट्टी लागून विभाग रिकामा झाला आणि मीही आठ दिवस रजेवर गेले.

परत आले त्या सकाळी जिन्यातच मला कळलं. वास फॉर्मालिनचा नव्हता. मागच्या खोलीचं दार पुढे लोटलेलं होतं, आत मास्तर स्टुलावर बसले होते. ताजी ओली चादर अंगावर नीट घातलेली, कडा सारख्या केलेल्या, तिच्याच हातची शिवण. इतके दिवस रोज अर्धा-पाऊण तास ते तिथे बसत होते, आणि त्यांना काही म्हणजे काही कळलं नव्हतं. मला बघून ते उठले आणि कौतुकाने म्हणाले, बघा, कशी शांत आहे.

मी आयुष्यात पुष्कळांना वाईट बातम्या दिल्या आहेत. ही मात्र मी तोंडाने दिली नाही. मी चादर बाजूला केली, त्यांचा हात धरला आणि त्यांची बोटं तिच्या पायाच्या बोटांवर टेकवली. त्यांनी दाबलं. दुसरं बोट दाबलं, मग दुसरा पाय. बोटं मऊ होती. पोटावरचा रंगही आता त्यांना दिसला, जो आठ दिवस दिसून दिसला नव्हता.

मी विचारलं, बाटल्या किती घातल्यात. त्यांनी दोन बोटं दाखवली.

“अहो, चार हव्या होत्या. तुम्हीच शिकवलंत मला.”

“माहीत होतं,” ते म्हणाले. “माझ्या शर्टाने तिचे डोळे चुरचुरायचे, बाई. तीस वर्षं चुरचुरले. मी बाटली हातात घेतली आणि माझ्याच्याने ओतवेना.”

मला संताप आला. त्यांचा आला, माझा आला, त्या दोन बाटल्या न बघितल्यासारख्या करणाऱ्या माझ्या शहाणपणाचा आला. तिने आमच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. आयुष्यभर न चुकलेला माणूस मायेपोटी नेमका तिच्या वेळेला चुकला होता, आणि चुकू देणारी मी होते.

पुढचं सांगूनच टाकते. पोट आणि छाती हाताबाहेर गेली होती. पाय गेले. दोन्ही हात तेवढे वाचण्यासारखे होते. ते वेगळे करावे लागले, आणि ते मी केलं. मास्तर बाहेर बाकावर बसून राहिले. बाकीचं शरीर त्यांनी अंत्यविधीला नेलं. दोन हात मात्र त्या वर्षी सगळ्या वर्गाला पुरले. तळहातातल्या त्या गुंतागुंतीच्या शिरा आणि स्नायूंचे दोर आमच्या मुलांना तिच्याइतके स्वच्छ कुणीच दाखवले नाहीत. मी हे मास्तरांना सांगितलं, तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, तिने शिवलेल्या चादरीतच ठेवलेत ना. तरी तिला अख्ख्या देहानिशी वर्षभर कॉलेजात यायचं होतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

पण त्या दिवसातलं एक सांगायचं राहिलं. हात वेगळे करण्याआधी त्यांत सुईने औषध भरायचं होतं, पूर्ण ताकदीचं. मी करते म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. त्या दोन सीलबंद बाटल्या त्यांनी फडताळातून आणल्या, दोन्ही फोडल्या आणि शेवटच्या थेंबापर्यंत भांड्यात ओतल्या. खांद्यापासून बोटांपर्यंत इंच-इंच सोडून सुई टोचत गेले. पाऊण तासाने दहाही बोटं दाबून पाहिली. तरी समाधान होईना. तळहात दाबला, मनगट दाबलं, पुन्हा बोटं दाबली. स्वतःच्या बोटांवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. मग ते वळले, हातमोजे काढले आणि शर्टाची बाही माझ्या नाकापुढे धरली.

“बघा हो जरा. घरी आता कुणी नाही.”

मी बाही हुंगली. उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मास्तर माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघत होते. पाणी गालावरून खाली उतरलेलं पाहिलं आणि त्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

“चुरचुरलं ना? मग बरोबर पडलंय,” ते म्हणाले, आणि तिचे हात चादरीत गुंडाळायला लागले.