पाऊण तासात उठलेला गणपती

आमचा पाच दिवसांचा गणपती एका वर्षी पाऊण तासात उठला. त्याला उठवणारा मीच.

पूर्वी आमच्याकडे पूजेला बापू भटजी यायचे. कातळाचा सडा तुडवत, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून. मंत्र म्हणता म्हणता मधेच कोणाकडे बारसं आहे, कोणाच्या म्हशीला रेडकू झालं तेही सांगायचे. (देवालाही गावच्या खबरी कळायला हव्यात ना!) त्या खर्जातल्या आवाजाशिवाय चतुर्थी मला अजून चतुर्थी वाटत नाही. बापू गेले आणि पूजा त्यांच्या मुलाकडे, सुधीरकडे आल्या. सुधीर लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका कंपनीत कामाला. रात्रपाळी संपवून, कंपनीच्या बसमधून फाट्यावर उतरून तो थेट पूजांना लागायचा आणि आमच्या वाडीचा नंबर सगळ्यात शेवटी यायचा.

त्या वर्षी बारा वाजत आले तरी त्याचा पत्ता नाही. आई पहाटेपासून उपाशी. नैवेद्य झाल्याशिवाय ती पाणीही घेत नाही. तो येईल रे, थांब जरा, असं ती सांगत होती. पण माझी अक्कल उतू चालली होती. मी मोबाईलवर पूजा लावली. काय तो शांत आवाज! घाई नाही, घड्याळाकडे बघणं नाही. तो सांगेल तसं मी फुलं, दूर्वा, गूळखोबरं वाहत गेलो. प्राणप्रतिष्ठा झाली, पूजा संपली. मला वाटलं, संपली. पण मोबाईलने न विचारता पुढची पूजा सुरू केली आणि मी ती याच पूजेचा भाग समजलो. आवाज तोच, मीही तोच. अक्षता वाहा म्हणाला, वाहिल्या. मूर्ती किंचित सरकवा म्हणाला, सरकवली.

आई मोदक वळत होती. "पुनरागमनाय च" ऐकलं आणि तशीच पिठाच्या हातांनी धावत आली.

"अरे मेल्या, उत्तरपूजा केलीस! गेला की रे तो!"

मूर्ती हलली म्हणजे आजच विसर्जन. वर्षभर वाट बघितलेला तिचा गणपती मोदक न खाताच निघाला होता. आई पाटाशेजारी बसून रडायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात सुधीर आला. अंगात कंपनीचा निळा शर्ट, डोळे जागरणाने लाल. मी चाचरत सगळं सांगितलं. तो हसला नाही. हातपाय धुतले, सोवळं नेसला आणि आईजवळ बसला.

"काकू, मोदकांचा नैवेद्य दाखवलात?"

"नाही रे अजून."

"मग झालं तर. कोकणातल्या घरातून पाहुणा न जेवता उठतो होय? बसलाय तो. तुम्ही मोदक आणा."

त्याने मूर्ती जागेवर घेतली आणि मंत्र सुरू केले. आवाज थेट बापूंचा. आईने डोळे पुसले, मीही पुसले.

पाचव्या दिवशी उत्तरपूजेला मूर्ती कशी सरकवायची ते सुधीर मला समजावू लागला, तर आई म्हणाली, "त्याला नको शिकवू रे. त्याचा सराव झालाय."