केळीच्या पेटीतला कॉम्प्युटर

माझा धाकटा भाऊ केयूर वालीवच्या कारखान्यांतले कॉम्प्युटर सांभाळतो. तिथे धूळ फार, यंत्रं तापून बंद पडतात, मग याला बोलावणं येतं. पंखा किती जोरात फिरवला की यंत्र गार राहतं आणि किती हळू केला की शेजारी बसलेल्याचं डोकं उठत नाही, हे त्याला बरोबर जमतं, असं त्याचे साहेब म्हणतात. साहेबांना आमच्या घरी काय झालं ते ठाऊक नाही.

आगाशीला आमची केळीची वाडी आहे. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायची तारीख दिली, बावीस दिवसांनंतरची. बाबा जगणार होते, फक्त बोलणार नव्हते. केयूरच्या बायकोला, संजनाला, तेव्हा सातवा महिना होता. येणाऱ्या बाळाला आजोबांचा आवाज ऐकता आला पाहिजे, वाडीच्या सगळ्या गोष्टी आपल्या बोलीत ऐकता आल्या पाहिजेत, असं केयूरने ठरवलं आणि महागडा माईक आणला. विचार चांगला होता, मी नाही म्हणत नाही. पण केयूर शाळेत असताना चित्रात एक रेघ चुकली तर अख्खी वही फाडायचा, आणि मोठा होऊनही तो तसाच राहिलाय.

पहिल्या दिवशी बाबा तासभर बोलले, आजोबांनी विहीर कशी खणली ते. केयूरने हेडफोन लावून ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

"कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर आलीय, बाबा. परत सांगा."

आधीचं त्याने तिथल्या तिथे पुसून टाकलं. मग पंख्याचा वेग उतरवला, तर कॉम्प्युटर तापून अडकायला लागला. वेग चढवला, घरघर परत आली. चार दिवस हेच चाललं. विहिरीची गोष्ट बाबांनी सात वेळा सांगितली आणि दर वेळी ती आखूड होत गेली. संध्याकाळी ते कोमट पाणी पीत घसा धरून बसायचे.

मी म्हटलं, "असू दे की घरघर. बाबा ऐकू येतायत ना?"

"ताई, तुला यातलं कळत नाही."

तेव्हा त्याच्या थोबाडीत द्यायला हवी होती. दिली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

पाचव्या दिवशी त्याची नजर मागच्या पडवीतल्या पेटीवर गेली. केळी पिकवायची ती आमची जुनी लाकडी पेटी, जाड फळ्यांची, आत पेंढा भरलेली. त्याने कॉम्प्युटर तिच्यात ठेवला, वायरींपुरती दोन भोकं पाडली आणि झाकण लावलं. घरघर गायब. अर्धा तास बोलणं घ्यायचं, झाकण उघडून यंत्र निवू द्यायचं, पुन्हा लावायचं. मी इतका खूश केयूर त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

दुसरी गोष्ट सांगताना बाबा मध्येच थांबले.

"ती पेटी ऊब धरते रे. हिरवा घड चार दिवसात पिवला करते. तुजा डबा शिजंल."

"बाबा, मध्येच दुसरं काही नको. परत सांगा."

तेवढा भाग त्याने कापून टाकला. बाबाही काही साधे नव्हते. एकदा सांगितलेलं ऐकलं नाही की दुसऱ्यांदा सांगायचे नाहीत, माणूस तोंडावर आपटेपर्यंत शांतपणे बघत बसायचे. मलाही त्यांनी असंच आपटू दिलंय. त्यांनी मान हलवली आणि गोष्ट परत सांगितली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत अकरा गोष्टी जमल्या. त्यांत बाबांचा खोकला होता, धाप होती. ते सगळं पुसायचं काम केयूरने कॉम्प्युटरला लावून दिलं, एकदीड दिवसाचं, आणि आम्ही हॉस्पिटलला निघालो. संजना माहेरी होती. घरात आवाजाचा त्रास व्हायला कुत्रंसुद्धा नव्हतं, तरी त्याने झाकण लावलं.

हॉस्पिटलच्या बाकावर मी विचारलं, "दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवलंयस ना?"

"अर्धवट काम कशाला उतरवू? स्वच्छ झालं की उतरवतो."

तिसऱ्या दिवशी घरी येऊन त्याने पेटी उघडली. पेंढा तांबूस झाला होता आणि आतल्या वायरी एकमेकींना चिकटल्या होत्या. डिस्क घेऊन तो मुंबईला एका दुकानात गेला. पंधरा दिवसांनी त्यांनी ती परत दिली, काही निघत नाही म्हणाले. घरघरीसकटचे बाबा दुसरीकडे उतरवून ठेवले असते तर तेवढे तरी हाती राहिले असते, पण ते त्याने स्वतःच पुसले होते.

तोवर बाबा घरी आले होते. गळ्याला भोक, हातात पाटी आणि पेन्सिल. केयूर त्यांच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. सांगताना तो रडला. बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं. मला वाटलं, आता ते त्याच्या डोक्यावर हात ठेवतील. त्यांनी पाटी मांडीवर घेतली, सावकाश लिहिलं आणि त्याच्याकडे फिरवली.

'परत सांगू?'

मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. गळ्याच्या भोकातून नुसती घरघर येत होती, बराच वेळ, आणि केयूरने ती शेवटपर्यंत ऐकली.