गाणी काढून टाकणारा माझा मावसभाऊ

माझ्या मावसभावाइतका निरुपयोगी धंदा करणारा माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात दुसरा नाही, असं मी बरीच वर्षं चारचौघांत ठणकावून सांगत आले. मी पत्रकं लिहिणारी बाई. पाणी, रेशन, बंद पडलेला दवाखाना, विषय कुठलाही द्या, संध्याकाळपर्यंत पत्रक तयार. आणि हा दादा मालिका-सिनेमांचा म्युझिक सुपरवायझर! म्हणजे नक्की कोण, हे गल्लीतल्या बायका मावशीला विचारायच्या तेव्हा मावशी अभिमानानं सांगायची, "त्यो गात न्हाय, वाजवत न्हाय, लिवत बी न्हाय." "मग करतो तरी काय?" "ठरवतो."

कुठल्या प्रसंगाला कुठलं गाणं, ते कुठं सुरू व्हायचं, कुठं थांबायचं, ते कुणाच्या मालकीचं आणि त्याची परवानगी कोण देणार, हे सगळं दादा ठरवतो. आधी मुंबईत राहून ठरवायचा, आता जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये कानाला हेडफोन लावून ठरवतो. या धंद्यानं त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय असं माझं स्पष्ट मत आहे. कुणाच्याही घरी गेला की पहिल्यांदा रिमोट उचलून टीव्हीचा आवाज बंद करतो आणि नुसती हलणारी तोंडं बघत बसतो. चुलत बहिणीच्या लग्नात पाठवणीच्या वेळी बँडवाल्यांनी रडकी धून सुरू केली, तर हा धावत जाऊन क्लॅरिनेटवाल्याचा हात धरून म्हणाला, "थांबा हो मामा! आधी तिला रडू द्या, मग वाजवा. तुम्ही आधीच रडलात तर ती काय करणार?" बँड थांबला. आमची बहीण त्या शांततेत अशी हंबरडा फोडून रडली की नवरदेवाकडच्यांना वाटलं, लग्न मनाविरुद्ध आहे.

परवानगीच्या बाबतीत तर तो माझ्यापेक्षा कट्टर. एका मालिकेला त्यानं कुणाच्या तरी लग्नाच्या व्हिडिओतला हलगीचा तुकडा निवडला. "कोण विचारतंय? घ्या की उचलून," असं वरून फोन आला. हा गाडीला किक मारून नातेपुत्याला गेला, तीन गल्ल्या हिंडला आणि हलगीवाल्या म्हाताऱ्याला शोधून काढलं. म्हातारा म्हणाला, "लावा की. मला काय इचारता?" हा म्हणे, "तुम्हालाच विचारणार. आणि नाव कसं लिहायचं तेही सांगा." मालिकेच्या शेवटी त्या म्हाताऱ्याचं नाव बिनचूक लागलं.

चीड येते ती इथं. दुसऱ्यांच्या नावांसाठी एवढी वणवण करणाऱ्या या माणसाचं स्वतःचं नाव त्याच्या आईनं पडद्यावर एकदाही वाचलेलं नाही. मावशीनं चाळिशीत, विड्या वळता वळता, शेजारच्या पोरीकडून अक्षरं शिकून घेतली. एकेक अक्षर जुळवत वाचते. मालिका संपली की ती चष्मा पुसून टीव्हीजवळ सरकते, आणि नेमकं तेव्हाच चॅनलवाले नावं आकसवून कोपऱ्यात ढकलतात, वर साबणाची जाहिरात! "आलं आन् गेलं," एवढंच ती म्हणते, दर वेळी. यावर पत्रक काढते म्हटलं, तर दादा म्हणाला, "काढ. पण उद्गारचिन्हं कमी."

गेल्या उन्हाळ्यात मी मावशीच्या गल्लीतल्या पाण्यावर सात मिनिटांची फिल्म केली. तिथं चार-पाच दिवसांनी पाणी येतं, वेळेचा पत्ता नसतो. मी शेवटाला दणदणीत गाणं लावलं होतं, हलगी, घोषणा, सगळं. दादानं बघितलं आणि गाणं काढून टाकलं.

"अरे, लोक पेटले पाहिजेत!"

"तुझ्या गाण्यानं फक्त तू पेटतेस."

गाण्याच्या जागी त्यानं मावशीच्याच नळाचा आवाज ठेवला. पाणी यायच्या आधी नळ फुसफुसतो, मग खोकतो, तो. मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. मग बदला म्हणून शेवटी, त्या नळाच्या आवाजावरच, काळ्या पडद्यावर त्याचं नाव टाकलं, मोठ्या अक्षरांत, मावशीला जुळवून वाचता येईल इतका वेळ. वर जाहिरात टाकायची कुणाची हिंमत आहे बघू!

रविवारी संध्याकाळी गल्लीत पांढरी चादर बांधली. सगळी गल्ली जमली. मावशी पहिल्या खुर्चीत, चष्मा पुसून तयार. "कुटं येणार नाव? वर का खाली?" तिनं मला तीनदा विचारलं. फिल्म चालू झाली. शेवट आला. स्पीकरमधून नळ फुसफुसला, मग खोकला.

"पाणी आलं!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळ्या बाया उठल्या. खुर्च्या आडव्या, चपला तिथंच, जिला जी घागर दिसली ती घेऊन पळाली. सगळ्यांत पुढं मावशी. रिकाम्या गल्लीसमोर पडद्यावर दादाचं नाव थाटात उभं होतं.

मावशी कोरडी घागर घेऊन परत आली. "मेल्या, खोटाच नळ व्हय? आन् नाव?"

"येऊन गेलं, आई," दादा म्हणाला. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. कुठल्याही दिग्दर्शकानं केलेल्या कौतुकानं तो असा फुललेला मी पाहिला नव्हता.

मी फिल्म पुन्हा लावली. मावशी घागर मांडीवर घेऊन, डोळे पडद्याला लावून बसली. आता तर तिला माहीत होतं. तरी नळ फुसफुसला तशी तिची बोटं घागरीच्या काठावर आवळली आणि मान आपोआप मागं, घराकडं वळली. नळ खोकून थांबेपर्यंत ती तिकडंच बघत राहिली. वळली तेव्हा चादर कोरी होती.

"आता बी गेलं का रं?"

"गेलं."

मावशीनं चष्मा काढला. मग म्हणाली, "म्होरच्या खेपेला आवाज बारीक ठिव. मग वाचते."

भल्याभल्या निर्मात्यांनी सांगूनही ज्यानं कधी आवाज तसूभर कमी केला नाही, तो दादा खाली बसून तिच्या मांडीवरची घागर उचलत म्हणाला, "ठेवतो, आई."

अजून ठेवलेला नाही. मीही आठवण करून दिलेली नाही. मावशी मात्र दर वेळी चष्मा पुसून बसते.