तोडरमलाचे डोळे

पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत सुदेश म्हात्रे आखणी करायचा. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. हे काम कुणाच्याही हाती देत नाहीत. हंगाम सरला की मात्र सहा महिने हात रिकामे, म्हणून तो शारजाला आला. औद्योगिक क्षेत्रातल्या एका फायबरच्या वर्कशॉपमध्ये मोल्डर म्हणून लागला आणि आठ वर्षं त्यानं दुकानांपुढचे उंट केले, डॉल्फिन केले, खजुराची खोटी झाडं केली. माणसाचा चेहरा एकही नाही.

मग एका हॉटेलची ऑर्डर आली. लॉबीत बादशहाचा दरबार उभा करायचा होता, अकबराच्या नवरत्नांचे नऊ पूर्णाकृती पुतळे. डिझाइन सांभाळणारे प्रकाश साने पुण्याचे, राहायचे शारजातल्याच अल मजाज भागात. त्यांनी जुन्या चित्रांच्या झेरॉक्स आणून दिल्या.

सुदेश म्हणाला, "साहेब, हे सगळे एकाच बाजूनं बसलेत. दुसरा गाल कसा कळणार?"

"तेच तर चॅलेंज आहे, सुदेशभाऊ."

"मग हे काय काम करायचे ते तरी सांगा. कामावरून चेहरा कळतो."

प्रकाशनी दुपारची सुट्टी त्यात घालवली. अबुल फजल लिहायचा, फैजी कविता करायचा, तानसेन गायचा. तोडरमलानं अख्ख्या मुलखाची जमीन मोजवली. सुदेशनं ऐकलं आणि मातीला हात घातला. तोडरमलाचे डोळे त्यानं मनात पक्के केले होते: उन्हात बांधावर उभं राहून बारीक झालेले. कित्येक वर्षांनी सकाळी कामावर जाताना त्याची पावलं घाईनं पडत होती.

चौथा पुतळा साच्यातून निघाला तेव्हा बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. पाचव्याला फोड आले. सहाव्याला कातडी चिरली आणि मूठ मिटेना. तो दोन-दोन ग्लव्हज चढवून काम करत राहिला. क्लिनिकमधल्या डॉक्टरनं हात उलटेपालटे करून पाहिले. "रेझिन और हार्डनर की एलर्जी है. अब उसकी भाप भी नहीं चलेगी. काम बदलो." सुदेशनं मलम घेतलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. नऊही पुतळे साच्यातून निघाले, त्यातल्या सातांची आखणी झाली होती. तोडरमल आणि नवरत्नांतला फकीर तेवढे बिनडोळ्यांचे उभे होते.

गुरुवारी प्रकाश तपासणीला आले. सुदेश शेडच्या सावलीतसुद्धा काळा चष्मा लावून उभा होता.

"हा चष्मा कशाला? आणि ग्लव्हज काढा जरा, गालावरून हात फिरवून बघा, फिनिशिंग मला खरखरीत वाटतंय."

सुदेश हलला नाही. फोरमन खैरुद्दीननं मान खाली घातली. शेवटी सुदेशनं ग्लव्हज ओढले. आतला थर कातडीला चिकटला होता.

"अरे देवा! किती दिवस झाले हे?"

"साहेब, दोनच राहिलेत. तेवढे करू द्या."

"सेफ्टीवाले आले तर माझी नोकरी जाईल. आजपासून आत यायचं नाही."

"आत येतच नाही. पुतळा बाहेर आणून द्या. पाया पडतो तुमच्या, पण ते दुसऱ्याच्या हाती देऊ नका." तो खरंच वाकला. प्रकाशनी त्याला दंडाला धरून उभं केलं, बराच वेळ दाराकडे पाहिलं आणि खैरुद्दीनला खूण केली.

चौघांनी तोडरमलाला उचलून अंगणात आणलं. सुदेशनं चष्मा काढला आणि खारीच्या केसांचा ब्रश घेतला. रेझिनच्या वाफेनं त्याच्या पापण्या सुजून मिटत चालल्या होत्या. डाव्या हातानं वरची पापणी उचलून धरत त्यानं पहिली रेघ ओढली. बोटांच्या टोकांना काही कळतच नव्हतं. ब्रश निसटला आणि काळा फराटा गालावर गेला. त्यानं पुसलं, पुन्हा ओढली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ब्रश मातीत पडला आणि त्याला तो सापडेना.

खैरुद्दीननं ब्रश उचलला, पण त्याला दिला नाही. "बस कर, भाई."

"खलास," सुदेश म्हणाला आणि भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला.

हॉटेलची तारीख पुढे सरकणार नव्हती. त्या दोन पुतळ्यांना कॉम्प्युटरवर छापलेल्या डोळ्यांचे स्टिकर लावले. गिऱ्हाइकाला काही वावगं दिसलं नाही. सुदेशचा मोल्डरचा व्हिसा कॅन्सल झाला. खैरुद्दीनच्या मेव्हण्यानं हमरिया फ्री झोनमधल्या एका गोदामात खोक्यांवर लेबलं चिकटवायचं काम मिळवून दिलं.

सोनमला, बायकोला, तो व्हिडिओ कॉलवर नुसता चेहरा दाखवायचा. महिन्याभरानं ती म्हणाली, "अहो, हात दाखवा."

"कशाला?"

"दाखवा म्हणते ना."

त्यानं दाखवले.  ती पदरानं नाक पुसत म्हणाली, "घरी या."

"येऊन काय करू? डॉक्टर म्हणतो, कातडी भरेल, पण बोटांच्या टोकांची जाण येईलच असं नाही."

"पेणच्या कारखान्यातून दर वर्षीसारखे फोन येतायत. यंदा सुदेश येणार का, विचारतायत. काय सांगू त्यांना?"

सुदेशनं फोन खोक्यावर उलटा ठेवला. पलीकडून ती हाका मारत होती. मग त्यानं फोन सरळ केला आणि म्हणाला, "सांग, दुसरा माणूस बघा."