छापून न आलेलं ‘कै.’

सुरुवातीलाच कबूल करतो – असले किस्से वाचून "भावा, झोप पूर्ण कर" अशी कमेंट टाकणाऱ्यांतला मी. कासारवाडीला स्टेशनच्या रस्त्यावर माझं डिझाइनचं छोटं दुकान आहे. चौदा वर्षं लग्नपत्रिका, फ्लेक्स, बिलबुकं करतोय. या धंद्यात भूत एकच – फॉन्ट! आपला जुना मराठी फॉन्ट छापखान्याच्या कॉम्प्युटरवर नसला, की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा छापून येतो. म्हणून फाइल पाठवण्याआधी सगळा मजकूर 'कर्व्ह' करायचा. कर्व्ह केलं की अक्षर हे अक्षर राहत नाही, चित्र होतं. मग कुठेही उघडा, हलत नाही... निदान मी तरी असंच समजत होतो.

मागच्या उन्हाळ्यात निघोज्याचं एक कुटुंब मुलीच्या लग्नाची पत्रिका करायला आलं. मुलीची आई सुमनमावशी, आणि चुलता – त्यांना सगळे तात्या म्हणतात. तात्यांनी नावं वाचून दाखवली. निमंत्रकांत मुलीच्या भावाचं नाव आलं – संतोष.

"त्याच्याम्होरं कै. टाका," तात्या म्हणाले.

"न्हाई हो भावजी... नुसतं नाव ऱ्हाऊ द्या."

"वैनी, आजून किती वर्सं वाट बघायची?"

संतोष चाकणच्या एका कंपनीत कामाला होता. आठ वर्षांपूर्वी सकाळच्या शिफ्टला म्हणून गेला, तो परत आलाच नाही. पोलीस झाले, देवऋषी झाले, पत्ता नाही. आता नवे सोयरे विचारणार, मुलगा कुठंय? तात्यांना त्याचा एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा होता.

मी कै. टाकलं. मला काय, गिऱ्हाइकानं टाका म्हटलं की टाकायचं! प्रूफ पास झालं. कर्व्ह केलं, दोनदा तपासलं आणि चिंचवडच्या प्रेसला फाइल पाठवली.

पत्रिकांचे गठ्ठे आले, तर संतोषच्या नावापुढचं कै. गायब. आणि खरी गोम पुढेच आहे. चित्रातला तुकडा उडाला तर तिथे मोकळी जागा राहायला हवी ना? इथे जागाच नव्हती. ओळ व्यवस्थित मधोमध बसलेली. माझी फाइल उघडली – कै. जागेवर! तसाच प्रेसवर गेलो. तिथल्या राजूभाऊंच्या स्क्रीनवरही कै. दिसत होतं. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी छपाईची नवी प्लेट काढली... प्लेटवर नुसतं संतोष.

"राव, वरच्या ओळीत आजोबांच्या नावाचं कै. आलंय की! मग हेच कसं उडतंय?" राजूभाऊ चष्मा पुसत म्हणाले.

पीडीएफ करून पुन्हा काढली. तेच. लग्न तोंडावर आलेलं. तात्यांनी चडफडत तशाच पत्रिका वाटल्या.

लग्न झालं आणि आठवड्यानं मावशी एकट्याच दुकानात आल्या. हातात पत्रिका.

"दादा, तुमीच काढलंत ना ते? तुमाला त्याचं कायतरी कळलंय. मला सांगा, मी कुनाला बोलनार न्हाई."

 मी म्हटलं, "नाही हो मावशी, फॉन्टचा घोळ झाला. मशीनची चूक आहे."

त्यांना जेमतेम वाचता येतं. पण पत्रिकेवर बोट ठेवून म्हणाल्या, "मग त्याच्या आज्याचं बराबर कसं छापलं?"

  कुणाला यातलं तांत्रिक कारण माहीत असेल तर खरंच सांगा, मी पाया पडेन. कारण मावशी आता रोज संतोषचं ताट वाढून ठेवतात. तात्या फोनवर माझ्यावरच खेकसले, "तुमच्यापायी बाई येडी व्हायची!"  

मागच्या आठवड्यात तात्यांनीच संतोषच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स सांगितलाय. फोटोखाली ठळक कै. टाकायचंय. फाइल तयार आहे, कर्व्हही केलीये. चार दिवस झाले, ती पाठवायला माझा हात धजत नाही. कै. पुन्हा गळालं, तर त्या माउलीला मी काय सांगू? आणि या वेळी छापून आलं, तर...?